डस्टरला बांधलेली चावी

मला एकच किडनी आहे, उजवी. डावी काढून टाकली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लोकांना आडून आडून विचारायची फार हौस असते आणि मला आडून आडून उत्तरं द्यायचा कंटाळा आला आहे. कॅन्सर होता का? नव्हता. कोणाला दान केली का? नाही. दान केली असती तर निदान पुण्य तरी पदरात पडलं असतं. एका फुटकळ खड्याने माझी किडनी खाल्ली, आणि ती मरत होती तेव्हा मी शाळेत पेढे वाटत होते.

मी शिक्षिका आहे. घर सिंदी मेघेला, नवरा वर्ध्यात एका ऑफिसात कारकून, आणि शाळा आर्वी रोडवरच्या एका खेड्यात. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने यायचं. शाळेत आम्ही तिघी बायका होतो, बाकी सगळे सर. बायकांसाठी वेगळं बाथरूमही होतं. नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण तपासणीला साहेब आले की त्यांना तेच आधी दाखवलं जायचं. टाइल्स लावलेलं, नळ असलेलं आणि कुलूप घातलेलं.

कुलूप का, तर गावातले लोक येऊन घाण करतात. चावी हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात. ती एकदा हरवली, दुसरी करून आणली तर तीही हरवली, म्हणून सरांनी डोकं लढवलं आणि चावी एका जुन्या लाकडी डस्टरला सुतळीने पक्की बांधून टाकली. आता ती हरवणार नव्हती. पण ती हवी असेल तर बाईमाणसाने ऑफिसात जायचं, तिथे चहा पीत बसलेल्या चार सरांसमोर "सर, चावी" म्हणायचं, सरांनी खण ओढून डस्टर द्यायचा, आणि तो हातात धरून सगळ्या वर्गांवरून वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालत जायचं. पोरं खिडकीतून बघायची. मॅडमच्या हातात डस्टर आहे आणि मॅडम वर्गाकडे चालली नाही, म्हणजे कुठे चालली हे पहिलीतल्या पोरालाही कळायचं. मागून खुसखुस ऐकू यायची.

आणि गंमत बघा. दिवसभर माझ्यासमोर करंगळ्या वर व्हायच्या. "मॅडम, एकीले जाऊ?" मी म्हणायची, "जा." शाळेतल्या सगळ्या पोरांना परवानगी देणारी मी होते, आणि मला स्वतःला जायचं तर डस्टर मागावा लागायचा. म्हणून आम्ही तिघींनी सोपा मार्ग काढला. पाणीच प्यायचं नाही.

हा मार्ग आम्हाला कोणी शिकवला नव्हता. त्या दोघी माझ्या आधीपासून तसंच करत होत्या, मी बघून बघून शिकले. सकाळी चहा अर्धाच कप. बाटली सोबत न्यायची, पण ती ओठ ओले करण्यापुरती. डबा खाल्ल्यावर दोन घोट, तेही आम्हा तिघींतल्या वयाने मोठ्या बाईंनी डोळे वटारले की एकच. "घरी गेल्यावर पिते ना मी," असं मी नवऱ्याला सांगायची, आणि घरी आल्यावर खरंच तांब्याचा तांब्या रिकामा करायची. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो हे ज्याने तो भोगला त्याला सांगायला नको. पत्र्याखाली शिकवता शिकवता जीभ टाळूला चिकटायची. लघवी हळदीसारखी पिवळी व्हायची, आग व्हायची. अंगात गरमी झाली म्हणून आम्ही तिघी धने-जिऱ्याचं पाणी करून प्यायचो, अर्थात घरी.

एका दुपारी फळ्यावर लिहिताना डाव्या कुशीतून कळ आली. पाठीतून निघाली ती थेट जांघेपर्यंत गेली. मी टेबलाला धरून खाली बसले आणि तिथेच उलटी केली. बाळंतपण दोनदा झालेली बाई आहे मी, पण असं दुखणं पाहिलं नव्हतं. घरापाशीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, खडा वाटतो म्हणाले, उद्याच सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. चिठ्ठीही दिली.

तो उद्या काही उगवला नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वीकडून सासूबाई आल्या.

"सोनोग्राफी कायले?" त्या दारातूनच म्हणाल्या. "पथरी हाय ते माहीत हाय ना? मंग तिचा फोटो काढून का घरात लावाचा हाय? आमच्या इकडचे आबाजी औषध देते. आजवर कोनाचं पोट फाडू देलं नाई त्याइनं."

पथरी म्हटली की आमच्या जिल्ह्यात प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. शेजारणीने कुळथाचं पाणी सांगितलं, दुसरीने पानफुटीची पानं कुंडीसकट आणून दिली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने बियर सुचवली, तीही सोबत बसायच्या तयारीने. या सगळ्यात आबाजी जास्त पटण्यासारखे होते. ते पैसे घेत नव्हते. जो माणूस एक रुपया घेत नाही तो खोटं कशाला बोलेल, असा आम्ही हिशेब केला. माझा नवरा बी.कॉम., मी बी.एड. दोघांनी मिळून केलेला हिशेब होता तो.

रविवारी उपाशीपोटी जायचं असतं. त्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली माणसं रांगेने बसली होती, काही तर नागपूरहून आली होती. ओट्यावर लोणच्याची जुनी बरणी होती आणि तिच्यात लोकांचे पडलेले खडे. काळे, पिवळट, काटेरी. बरणी अर्ध्याच्या वर भरली होती, आणि ती पाहून माणूस आधीच अर्धा बरा व्हायचा. लिंबाच्या फांद्यांना लाल कापडात नारळ बांधलेले होते. ज्याचं दुखणं गेलं त्याने येऊन बांधायचा, अशी रीत.

आबाजींनी केळ्यात कसलासा पाला कुटून दिला. मग पथ्य सांगितलं. वांगं नाही, टमाटर नाही. आणि शेवटी ते सगळ्यांना सांगत तेच मलाही सांगितलं. "दुखनं थांबलं म्हंजे खडा गेला. मंग फोटो काढाचा नाई पोरी. फोटो काढला का औषध उलटते." आम्ही दोघांनी मान हलवली. इतकी जोरात हलवली की आता आठवलं तर मला लाज वाटत नाही, राग येतो.

सहा-सात दिवसांत दुखणं थांबलं. खडा काही पडताना दिसला नाही. आबाजी म्हणाले, कोणाचा भुकटी होऊन जातो. आम्ही पुन्हा गेलो, नारळ बांधला. सासूबाईंनी झाडाला हात जोडले. सोमवारी मी शाळेत पेढे नेले. हेडमास्तरांनी दोन घेतले आणि म्हणाले, "मॅडम, सुटल्या बा तुम्ही. आता पाणी भरपूर पेत जा." त्यांच्या टेबलाच्या खणात डस्टर होता.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मला दुखलं नाही. हे वाक्य मी आता जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. डावीकडे कधीमधी जड वाटायचं, बस. महिन्या-दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप यायचा, हुडहुडी भरायची, तीन गोधड्या पुरायच्या नाहीत. मलेरिया म्हणून गोळ्या घेतल्या, व्हायरल म्हणून घेतल्या. लघवी गढूळ झाली होती, वास यायचा, पण ते कोणाला सांगायची गोष्ट आहे का? कंबर धरली की मेडिकलवाला न विचारता दुखण्याची गोळी द्यायचा, मी बसमध्येच पाण्याशिवाय गिळायची. शाळेत आरोग्य तपासणी आली तेव्हा माझं बीपी वाढलेलं निघालं, तर सगळे म्हणाले, मॅडम टेन्शन घेते. एकदा रक्तही तपासलं. किडनीचा आकडा एकदम चांगला आला. रिपोर्ट घरी आणून मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "पाहा, मी म्हटलं नोतं?"

मग एक ताप असा आला की मी बरळायला लागले. नवऱ्याने कोणाला न विचारता गाडी केली आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पोटावर ते थंडगार जेल लावून सोनोग्राफी करणारी मुलगी आधी गप्पा मारत होती. यंत्र डाव्या कुशीवर आलं आणि तिथेच थांबलं. तिने दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली.

खडा कुठेही गेला नव्हता. लघवीच्या नळीत तिथेच अडकून बसला होता. त्याच्या मागे किडनी तुंबत गेली, फुगत गेली आणि आता तिथे किडनी नव्हती, पू भरलेली पिशवी होती. आधी पाठीतून नळी घालून ती निचरून काढली. ताप उतरल्यावर कोणती किडनी किती काम करते ते पाहायची वेगळी तपासणी केली. डावी जवळपास काहीच करत नव्हती.

किडनीच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. कागद खाली ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी का नाही आलात?"

या प्रश्नाइतका मला दुसऱ्या कशाचा संताप येत नाही. मी म्हणाले, "मॅडम, दुखत नव्हतं."

 त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "नळी बंद झाली की सुरुवातीला किडनी जोर लावते, म्हणून तुम्हाला ती कळ आली. बरेच दिवस तशीच बंद राहिली की ती जोर लावणं सोडते. मग दुखणं थांबतं. खडा पडला म्हणूनही थांबतं आणि किडनी संपत आली म्हणूनही थांबतं. बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं. म्हणून तर फोटो काढायचा असतो."

"पण रक्ताचा रिपोर्ट चांगला होता."

"असणारच. उजवी एकटीने दोघींचं काम करत होती."

डावी काढावी लागली. काढणारे डॉक्टर वेगळे आणि या वेगळ्या, हेही मला तेव्हाच कळलं. खडा काढणं, तुंबलेली नळी मोकळी करणं हे लघवीच्या मार्गाच्या सर्जनचं काम. उरलेली किडनी, बीपी, लघवीतून जाणारं प्रोटीन हे सांभाळायचं काम किडनीच्या डॉक्टरचं. आमच्याकडे दोघांचंही काम आबाजी करतात. घरी सोडताना डॉक्टर बाईंनी मला बसवून सांगितलं. खड्यासोबत थंडीताप आला तर दिवस उजाडायची वाट बघायची नाही, तशीच निघून यायचं. लघवीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली, पायावर नाहीतर सकाळी डोळ्यांखाली सूज आली, लघवीला फेस येऊन तो बराच वेळ राहिला तर यायचं. दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. पाणी दिवसभर प्यायचं, संध्याकाळी एकदम नाही. "आणि लघवी आली की जायचं," त्या म्हणाल्या. हे त्या इतकं सहज म्हणाल्या की मला हसू आलं. टाके दुखले.

सासूबाई उशाशी बसून रडल्या. "मी तं तुह्या भल्यासाठीच नेलतं ना बाई," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. खरंच होतं ते. अशा वेळी सुनेने म्हणायचं असतं, जाऊ द्या आई, माझ्या नशिबात होतं. मी म्हटलं नाही. आजही म्हटलेलं नाही. त्या घरी आल्या की मी त्यांना चहा देते, पाया पडते, पण ते एक वाक्य मी त्यांना दिलेलं नाही आणि देणारही नाही.

मला वाटलं होतं, माझं पाहून निदान आमची कॉलनी तरी शहाणी होईल. आमच्या समोरच्या घरातल्या काकांना जुनी शुगर. त्यांचे पाय सुजले, चपला घट्ट झाल्या, लघवीला फेस येतो असं त्यांच्या बायकोने मला कपडे वाळत घालता घालता सांगितलं. मी म्हटलं, "काकू, हे पथरीचं नाही. शुगरने किडनीवर परिणाम होतो. किडनीच्या डॉक्टरला दाखवा, याच आठवड्यात." त्या हो हो म्हणाल्या आणि रविवारी काकांना घेऊन आबाजींकडे गेल्या. परत येताना माझ्यासाठी प्रसाद आणला. आता काका डायलिसिसवर आहेत. काकू मला टाळतात. मी बोलले ते खरं झालं, याचा त्यांना जास्त राग असावा.

माझी रजा संपली आणि मी शाळेत गेले. सत्कार झाला, नारळच दिला, तो मी घेतला. मग मधल्या सुट्टीत ऑफिसात गेले आणि म्हटलं, "सर, चावी."

चारही सर बसले होते. हेडमास्तरांनी अदबीने खण ओढून डस्टर पुढे केला. मी त्यांच्याच टेबलावरची कात्री उचलली आणि सुतळी कापली. डस्टर टेबलावर ठेवला. चावी घेऊन बाहेर आले आणि बाथरूमच्या दाराशेजारी खिळा होता त्याला लावली.

सर मागे आले. "मॅडम, असं काऊन करून राह्यल्या? हरवंल ना ते."

"हरवू द्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि वर्गातली पोरं ऐकत होती, त्याची मला पर्वा नव्हती. "माझी किडनी हरवली सर. तुमची तं चाबीच हरवंल."

ते म्हणाले, "तुम्ही मागितली आन् मी देली नाई, असं कधी झालं का?" झालं नव्हतं. त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. हे खरं असल्यामुळे मला अजूनच चीड आली आणि मी रडले. सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा आहे.

चावी आता खिळ्यावर असते. एकदाही हरवली नाही. मोठ्या बाई रिटायर झाल्या, त्यांच्या जागी नवी मुलगी आली, लग्न व्हायचं आहे. तिची बाटली मी रोज बघते. संध्याकाळी बसमध्ये ती एका दमात संपवते. मी तिला सगळं सांगितलं आहे, टाक्यांसकट. ती म्हणते, "हो ना मॅडम, माहीत आहे मला. पण सवय झाली आता."

घरी मात्र मला शिस्त आहे, ती माझ्या धाकट्या मुलीची. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून ती दर तासाला पाणी पाजायची, तेव्हा पाचवीत होती. आता आठवीत आहे, वर्ध्यातल्या चांगल्या शाळेत जाते. अजूनही घरात शिरली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, "आई, पाणी पेलं का?" मी गोळी गिळते ती तिच्या देखरेखीखाली. माझ्या उजव्या किडनीची मालकीण तीच आहे असं आम्ही घरात म्हणतो. डॉक्टर बाई म्हणतात, उजवी छान चालली आहे, अशीच सांभाळा.

परवा तिचं दप्तर उचलताना मला जड लागलं. पुस्तकं तर तिने काढून ठेवली होती. चेन उघडली तर बाटली. सकाळी मी गळ्यापर्यंत भरून दिली होती, तशीच गळ्यापर्यंत भरलेली. झाकण फिरवून पाहिलं, आतलं पाणी उन्हाने कोमट झालं होतं.

मी तिला हाक मारली. ती माझ्यासाठीच ग्लास भरून आणत होती. मी बाटली दाखवली. तिने आधी बाटलीकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे.

"शाळेत बाथरूम नाही का?"

"आहे ना. पण कडी तुटली आहे. मैत्रिणीला दार धरायला न्यावं लागते. मग पोरं चिडवतात." तिने ग्लास माझ्या हातात दिला. "घरी आल्यावर पिते ना मी."

मी ग्लास न पिताच खाली ठेवला. कधीपासून, मी विचारलं. ती म्हणाली, सहावीपासून. म्हणजे मी दवाखान्यातून आले त्याच्या पुढच्याच वर्षापासून. सगळ्याच मुली तसंच करतात, ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. तुला सगळं माहीत असून, म्हटलं, माझ्या उशाशी बसून सगळं पाहिलं असून. ओरडता ओरडता मी तिची डावी कूस दाबून पाहत होते, नीट, खालून वर, जशी डॉक्टर बाई माझी पाहायच्या.

तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं.

"आई, तू काऊन भेव घेऊन राह्यली? मले कुठं काही दुखून राह्यलं?"